ताडपत्रीचा चोर

आमच्या ट्रकची ताडपत्री गेल्याचं मला रविवारी दुपारी चहा पिताना कळलं, आणि कप रिकामा व्हायच्या आत मी चोरही ओळखला होता! चोर पकडायला डोकं लागतं, पोलीस नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

ट्रक आमच्या पापडी गावातल्या घरासमोर उघड्यावर उभा असतो. पूर्वी मी त्यातून वसईची केळी आणि भाजी दादरला न्यायचो. दिवाळीत माझी बायको मालन गेली, तेव्हापासून ट्रक हललेला नाही. काचेच्या वर ‘मालन’ असं तिचं नाव आहे. तिनं पेंटरच्या डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं त्यातला ‘न’ अर्धा खाल्लाय. उरलेलं नाव पावसात जाऊ नये, म्हणून ती ताडपत्री मला हवी होती.

शेजारच्या फ्रान्सिसच्या लाकडांवर ताडपत्री दिसली. मी सरळ कुंपणाशी गेलो.

“ही कुठून आणलीस?”

“शांताराम, ही निळी आहे. तुझी खाकी होती.”

“रंगवली असशील!”

“ताडपत्री? रविवारी? बायको मला चर्चला जाताना शर्टसुद्धा रंगीत घालू देत नाही!”

इतकं पटकन उत्तर! मनात पाप असल्याशिवाय माणूस इतक्या पटकन बोलत नाही. त्याचा कुत्राही माझ्याकडे बघून शेपूट हलवत नव्हता. तोही सामील!

मी संध्याकाळी नवी ताडपत्री आणली, ट्रकवर टाकली, दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांना जळकं ऑईल चोपडलं. गॅरेजमधलं हे काळं तेल आम्ही पावसाआधी दारांना, खांबांना लावतो. एकदा हाताला लागलं की जावई घरी येऊन परत गेला तरी निघत नाही. चोरानं दोरी धरली की संपला!

सकाळी ताडपत्री जमिनीवर! चोर येऊन गेला होता! मी दोऱ्यांना तेलाचा आणखी एक हात दिला, लुंगीला हात पुसले आणि चर्चच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली. मी येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवायला लागलो आणि सोडताना तळवा बघायला लागलो.

फ्रान्सिस. काळा!

त्याची बायको जुलियाना. काळी!

“नवराबायको दोघं?” मी म्हणालो.

“दोघं काय, दोघं?” जुलियाना म्हणाली. “मी कॉयरमध्ये गाते, गॅरेजमध्ये नाही!”

मग स्वतः फादर आले. त्यांचाही हात काळा! फादरसुद्धा?

फादरांनी हात पांढऱ्या झग्याला पुसला आणि ते झग्याकडे बघत राहिले.

“शांताराम,” फ्रान्सिस शांतपणे म्हणाला, “आता तुझा तळवा दाखव.”

मी दाखवला. तव्याची खालची बाजू बरी!

तेवढ्यात रिक्षातून क्लेमेंटीन मावशी उतरल्या. चर्चच्या पलीकडे त्या जाड कापडाची शिवणकामं करतात. हातांत आमची खाकी ताडपत्री!

“बरा इथेच भेटलास. धर. टाके घालून झाले.”

“तुम्ही नेलीत?”

“काल दुपारी. तू घोरत होतास. मालन दरवर्षी पावसाआधी माझ्याकडे टाके घालायला आणायची. यंदा ती नाही, म्हणून मीच आले.”

“मग मला उठवायचं तरी!”

“कशाला? तिनं तुला कधी उठवलं होतं?”

यावर फाटकाशी कुणीच हसलं नाही. फ्रान्सिससुद्धा.

“आणि रात्री माझी नवी ताडपत्री कुणी ओढली?” मी जरा हळू विचारलं.

“वाऱ्यानं,” फ्रान्सिस म्हणाला. “तुझी गाठ बघितली मी सकाळी. तिला शेळीसुद्धा बांधू नये.”

सगळे माझ्या घरी आले. फ्रान्सिस टपावर चढला, जुलियानानं ताडपत्रीचं एक टोक धरलं, मी दुसरं. गाठ मारली की वारा सोडवायचा.

“मालन वहिनी कुठली गाठ मारायच्या?” फ्रान्सिसनं वरून विचारलं.

ती वर चढायची. मी खाली उभा राहून तिला डावीकडे ओढ, उजवीकडे ओढ सांगायचो. तिच्या हाताकडे कधी बघितलंच नाही.

“नेहमीचीच,” मी म्हणालो.

आता पश्चिमेकडून ढग आलेत, घरात दोन ताडपत्र्या आहेत, आणि ट्रक झाकायचा राहिलाय.