निव्वळ वजन, हवेसह

श्रुतिकाने शेवटी निळं जॅकेटच घेतलं, पण त्याआधी तिच्या सासऱ्यांना, म्हणजे विद्याधर तेंडोलकरांना, मुलुंड पूर्वेतल्या एका पिठाच्या गिरणीत चाळीस मिनिटं फुगून उभं राहावं लागलं.

हे घडलेलं नाही. तेंडोलकरांच्या घरात तसा ठराव झालेला आहे; सूचक विद्याधर, अनुमोदकही विद्याधर. त्यामुळे इथे फक्त त्या शुक्रवारी काय काय घडलं नाही तेवढंच सांगायचं आहे.

श्रुतिकाला समुद्राखाली जायचा नाद होता. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी आणि अंगात ते खास जॅकेट. जॅकेटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. गेल्या हिवाळ्यात तिने पहिली खरी बुडी मारली ती भाड्याच्या जॅकेटात, आणि ते तिच्या दुप्पट मापाचं होतं. पाण्यात शिरताच ते कानांपर्यंत चढलं. बारा मीटर खोलीवर बाकीच्यांना कासव दिसलं, श्रुतिकाला वीस मिनिटं जॅकेटची चेन दिसली. वर आल्यावर ती हसली वगैरे, पण त्यानंतर पाण्यात उतरली नाही. आता शनिवारी पहाटेच्या विमानाने मैत्रिणीबरोबर अंदमानला जायचं होतं. नवरा शौनक जाणार नव्हता, त्याला भरलेल्या बादलीकडे बघूनही मळमळतं.

"माझ्या मापाचं जॅकेट असेल तरच जाणार," तिने घरात सांगून टाकलं होतं. "नाहीतर तिकीट रद्द. आणि या वेळी रद्द केलं ना, तर मी परत कधीच उतरणार नाही. मला माहितीये माझं."

साकीनाक्याला अशा सामानाचं दुकान असलेल्या हर्षदने तिला दोन जॅकेटं घरी बघायला दिली होती. शुक्रवारी रात्री आठच्या आत एक परत करायचं. काळं दणकट, साडेतीन किलोचं. निळं प्रवासासाठीचं, हलकं, कागदावर एक किलो नऊशे ग्रॅम. विमानात पंधरा किलो सामान चालणार होतं आणि त्यातले चार किलो सासूबाईंनी, शुभाताईंनी, आधीच व्यापले होते.

"आई, थोडे लाडू काढा ना."

"ते लाडू नाहीत. ते वेळेला असतात," शुभाताई म्हणाल्या. "आणि मला एक सांग, वर यायला जॅकेट लागतं हे कळलं. खाली जायला कशाला लागतं? माणूस आपोआप जातो."

"आपोआप जाऊ नये म्हणूनच लागतं."

हे ऐकून शुभाताईंनी आणखी चार लाडू घातले.

तेव्हा निळंच घ्यायचं, हे उघड होतं. अडचण एकच होती. विद्याधर बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांनी कुणाच्या शब्दावर कुठलंही वजन मान्य केलेलं नव्हतं. शौनक जन्मला तेव्हासुद्धा त्यांनी तो दुसऱ्या काट्यावर परत मोजून घेतला होता.

"एक किलो नऊशे," ते चष्मा वर करून म्हणाले. "कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते, बाबा."

"बिस्किटवालाही म्हणायचा. मी बघून येतो."

"फक्त वजन करा हं. बाकी काही नको."

"बाकी काय असतं?" विद्याधर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

निघण्यापूर्वी त्यांनी नियमाप्रमाणे वेष्टन वेगळं केलं. निव्वळ वजनात वेष्टन धरत नाहीत. पिशवी काढली, पुठ्ठा काढला, किमतीची चिठ्ठी काढली आणि खांद्याला व कमरेला लोंबणाऱ्या, टोकाला लाल गोळे असलेल्या दोन दोऱ्या कात्रीने कापल्या.

मुलुंडमध्ये त्यांचा विश्वास असलेला काटा एकच होता, दत्तारामच्या गिरणीतला. सलग अकरा वर्षं त्यांनी स्वतः त्यावर शिक्का मारला होता. दुपारी चारला ते पोचले तेव्हा सी विंगच्या मृणालिनीताई चकलीच्या भाजणीचा डबा लावून उभ्या होत्या.

"वजन करायचंय," विद्याधरांनी जॅकेट काट्यावर ठेवलं. ते काट्याच्या चारी बाजूंनी खाली ओघळलं आणि एक पट्टा गव्हाच्या पोत्यावर जाऊन टेकला. पट्टा टेकलेलं वजन विद्याधर मानत नाहीत.

"सायबानू, तुमी ता आंगात घाला," दत्ताराम म्हणाला. "आदी नुसता तुमचा वजन घेतंय, मगे ह्येच्यासकट घेतंय. वजा केलास की झाला."

पद्धत शास्त्रशुद्ध होती. विद्याधरांनी जॅकेट गिरणीच्या तोंडाजवळच्या खिळ्याला टांगलं आणि काट्यावर उभे राहिले. दत्ताराम आकडा वाचायला वाकला. तेवढ्यात पीठ बाहेर सोडणारी कापडी बाही डब्यातून निसटली आणि हवा भरायच्या नळीवरून घरंगळत जॅकेटच्या उघड्या खिशात शिरली. हे कुणी पाहिलं नाही. मृणालिनीताई शुभाताईंच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या.

नुसते विद्याधर, एकाहत्तर किलो चारशे. जॅकेटसह विद्याधर, त्र्याहत्तर किलो सातशे पन्नास.

"दोन किलो साडेतीनशे," विद्याधर हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत न दिसलेलं तेज आलं. "साडेचारशे ग्रॅमची तफावत. दत्ताराम, लिही."

"खय लिहू?"

"आधी हवेचं वजन करू. ती भरून हे वापरणार ना? पाकिटात हवा भरून विकणाऱ्यांशी मी बत्तीस वर्षं लढलो. हवेचं वजन ग्राहकाच्या माथी मारता येत नाही."

त्यांनी पट्टे घट्ट आवळले, छातीवरचं आणि पोटावरचं बकल लावलं, नळी तोंडात धरली, बटण दाबलं आणि फुंकायला लागले. पहिल्या फुंकेला त्यांना जिऱ्याची चव लागली. गिरणी आहे, लागणारच, म्हणून ते फुंकत राहिले. बावीस फुंकांनंतर त्यांची हनुवटी दिसेनाशी झाली आणि हात दोन्ही बाजूंना गुढीच्या काठीसारखे ताठ झाले.

"त्र्याहत्तर सातशे पन्नास," दत्तारामने वाचलं. "हवेचा वजन शून्य."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी चोख सापडलं होतं, ती म्हणजे हवा. विद्याधरांनी समाधानाने हवा सोडायचं बटण दाबलं.

काही झालं नाही. नळीत शिरलेली भाजणी तोंडच्या वाफेने भिजली होती आणि बटणाच्या आत तिची घट्ट कणीक तयार झाली होती. दत्तारामनेही दाबून बघितलं. बकल उघडायचं म्हटलं तर ते फुगवट्याखाली अशा ठिकाणी रुतलं होतं की तिथे चिमटीही जात नव्हती.

"टाचणी देऊ?" मृणालिनीताईंनी विचारलं.

"परत करायचा माल आहे," फुगवट्याआडून आवाज आला.

"मग माझा डबा तरी द्या. अहो दत्ताराम, हे कमी भरतंय. साडेचारशे ग्रॅम कमी आहे."

या काट्यावर अकरा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं तेव्हा त्यावर शिक्का मारणारा अधिकारी वाकूनसुद्धा बघू शकत नव्हता.

दत्तारामने फोन लावला तेव्हा श्रुतिका बॅगेतून लाडू चोरून बाहेर काढत होती.

"सूनबाय, सायब फुगले."

"कशावरून? मी फक्त वजन करा म्हणाले होते."

"रागान नाय गे. हवेन फुगले. सोताच फुकल्यानी."

ती रिक्षाने सात मिनिटांत पोचली. सासरे दाराशी तोंड करून उभे होते; वळण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता आणि त्यात ज्वारीचा डबा पडला होता. तिने बटण बघितलं, वास घेतला आणि हर्षदला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अरे सिंपल आहे मॅडम. खांद्याजवळ दोरी असेल, लाल गोळावाली. ओढा, हवा बाहेर."

"दोरी नाहीये."

"मग कमरेला आहे, मागच्या साइडला."

"तीपण नाहीये."

"असं कसं होईल? दोऱ्या तर असतातच ना यार."

मग विद्याधर बारीक आवाजात म्हणाले, "त्या मी वेष्टनात धरल्या."

"कुठायत?"

"कचऱ्यात. ओल्या की सुक्या, ते आठवत नाही."

श्रुतिकाने फोन बंद केला. साडेचार वाजले होते. काळं जॅकेट बॅगेत बसत नव्हतं, निळ्यात सासरे बसले होते, आणि आठला दुकान बंद होणार होतं. ती समोरच्या पोत्यावर जाऊन बसली.

"जाऊ दे बाबा," ती म्हणाली. "करते रद्द. मला तसंही रात्री झोप लागत नाहीये."

"रद्द करू नकोस."

"तुम्हाला तरी कुठे मी जायला हवं होतं?"

"मी तसं बोललोय का कधी?" फुगलेल्या माणसाला मान खाली घालता येत नाही, त्यामुळे विद्याधरांना हे सगळं समोर बघूनच बोलावं लागलं. "मला एवढंच बघायचं होतं, की हे तुला वर आणतं की नाही."

"गिरणीत?"

"मला दुसरं काही तपासता येत नाही गं."

श्रुतिका उठली आणि त्यांच्या खांद्यावरचं पीठ झटकायला लागली. झटकलं, तर तिथे परत पीठ आलं. परत झटकलं, परत आलं. तिने वाकून बघितलं. डाव्या खांद्याच्या शिवणीतून, सोऱ्यातून यावी तशी, भाजणीची केसाएवढी बारीक धार बाहेर येत होती. कान लावला तर सूंऽ असा आवाज.

"हलू नका," ती म्हणाली.

"मी कुठे हलतोय?"

"बाबा, हे लीक आहे. शिवणीतच. इथे पीठ नसतं तर दिसलंच नसतं कुणाला."

"म्हणजे खाली गेल्यावर..."

"वर यायला त्रास झाला असता." ती एवढंच म्हणाली आणि आपला हात त्यांच्या ताठ हाताखाली, आधार दिल्यासारखा, ठेवून उभी राहिली. पुढची पंचवीस मिनिटं हवा त्याच शिवणीतून जात राहिली आणि ते एक एक फुंक करत लहान होत गेले. आधी हनुवटी परत आली, मग कोपर, मग बकल. खिशातून मृणालिनीताईंची भाजणी निघाली. दत्तारामने ती काट्यावर ठेवली. बरोबर साडेचारशे ग्रॅम.

"कंपनी खरं बोलत होती तर," विद्याधर खिन्नपणे म्हणाले.

"वजनाबद्दल," श्रुतिका म्हणाली.

पावणेसातला दोघं दोन्ही जॅकेटं घेऊन साकीनाक्याला हजर होते. हर्षदने सिलिंडर जोडून जॅकेट फुगवलं आणि पाण्याच्या टबात दाबलं. शिवणीतून बुडबुड्यांची माळ वर आली. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिच्याच मापाचं दुसरं निळं काढलं, तेही टबात दाबून दाखवलं. एकही बुडबुडा नाही. मग पहिल्याकडे परत बघितलं.

"पण दोऱ्या कुणी कापल्या? आणि याला चकलीचा वास का येतोय?"

"आमच्याकडे काही घडलेलं नाही," विद्याधर म्हणाले.

नवं जॅकेट दुकानातल्या काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे. विद्याधरांनी सवयीने काटा उलटा करून शिक्का बघितला. पडताळणीची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. त्यांनी काटा हळूच होता तसा ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चला."

घरी जाताना त्यांनी रिक्षा गिरणीवरून घ्यायला लावली आणि श्रुतिकाला काट्यावर उभं केलं. का, ते सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. "खाली गेले. वर आले. कासव दिसलं. कान मोकळे होते." शुभाताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग, सहा दिवसांत पहिल्यांदाच, दुपारची झोप काढली. विद्याधरांनी मेसेज चार वेळा वाचला, टेबलाशी बसले आणि कोरा कागद ओढला. अजून दोन दिवसांच्या बुड्या बाकी होत्या.

"प्रति, मा. नियंत्रक, वजनमापे. विषय: तरंगणाऱ्या जॅकेटांवरील छापील मजकूर व इतर एक बाब. महोदय, दिनांक शुक्रवार रोजी मुलुंड येथे कोणताही प्रकार घडलेला नाही. सदर न घडलेल्या प्रकाराच्या अनुषंगाने विनंती की, अशा प्रत्येक जॅकेटवर निव्वळ वजन, हवेसह वजन व सासऱ्यासह वजन अशी तीनही वजने ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. तसेच लाल गोळ्याच्या दोऱ्या वेष्टनात मोडत नसल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरी बाब अशी की, आमची सून सौ. श्रुतिका, प्रमाणित काट्यावर भरलेले वजन चौपन्न किलो दोनशे ग्रॅम, ही सध्या अंदमान येथील समुद्राच्या ताब्यात दिवसातून दोन वेळा देण्यात येत आहे. सदर समुद्र माल घेताना व परत करताना चोख आहे किंवा कसे, याची आजवर कोणत्याही निरीक्षकाने पडताळणी केल्याची नोंद आढळत नाही. तरी बुधवारपूर्वी आपल्या खात्यातर्फे त्याची प्रत्यक्ष तपासणी करून त्यावर चालू वर्षाचा शिक्का मारण्यात यावा, ही नम्र विनंती."