आठ नंबरची ओळ

मोठ्या संस्थेत निर्णय एका ठिकाणी घेतला जातो आणि बाकी सर्व ठिकाणी तो पाळला जात नाही. यालाच शिस्त म्हणतात. आमची कंपनी परळला, जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत आहे. तिथे ही शिस्त फार कडक आहे.

आम्ही लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा जो करून देतो, तो कंपायलर. त्याचं कुठलं व्हर्जन वापरायचं ते मुख्य फाइलमध्ये एका ओळीत ठरलंय : सतरा. त्याखाली आमच्या प्रोग्रामचे दोनशे चौदा विभाग, प्रत्येकाची फाइल वेगळी. पैकी एकशे चाळीस सतरा मानतात, त्रेसष्ट अकरा मानतात, दहा जण 'जे मिळेल ते' म्हणतात (हे सर्वांत समाधानी), आणि पगाराचा एकटा विभाग आठवर अडून बसलाय.

त्याच्या फाइलमधल्या आठच्या ओळीवर सूचना आहे : 'विचारल्याशिवाय हात लावू नये. – शामराव.' शामराव निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. विचारणार कोणाला, म्हणून हातही कोणी लावला नाही. अशी निष्ठा हल्ली घरातसुद्धा दिसत नाही हो!

लालबागची अनुजा आमच्याकडे नवीन. "शुक्रवारपर्यंत सगळे विभाग सतरावर आण, कायम करतो. नाहीतर रामराम," असं हितेंद्र साहेबांनी तिला (प्रेमाने) सांगितलं होतं. बाकीचे तिने चार दिवसांत आणले. राहिला आठ. पोरगी पार घाबरली, कारण घरात कमावणारी ती एकटीच. मला फार वाईट वाटलं. मदत मात्र केली नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही.

शेवटी ती खोताच्या वाडीत शामरावांच्या घरी जाऊन थडकली. परत आल्यावर तिनेच मला सांगितलं.

"काका, ती आठची ओळ काढू का?"

"अजून आहे ती?" शामराव ताडकन उठून बसले. "अगं, एका दुपारपुरती घातली होती मी! जेवून आलो की काढणार होतो. काढ, काढ."

शुक्रवारी तिने ओळ काढली. काहीही झालं नाही. पगाराचा विभाग पहिल्यासारखाच चालू राहिला. ऑफिसात साहजिकच घबराट पसरली. साहेबांनी तातडीची बैठक बोलावली आणि ठराव झाला : काही का बिघडलं नाही याचं कारण कळेपर्यंत ओळ पूर्ववत ठेवावी.

"पण सर, शामराव काका स्वतः म्हणाले..."

"त्यांना काय कळतंय? ते आता कंपनीत नाहीत."

अनुजाचा चेहरा उतरला. पण साहेब दयाळू. ओळीची जबाबदारी घेत असशील तर कायम करतो, म्हणाले. तिने घेतली. आता तिथे लिहिलंय : 'विचारल्याशिवाय हात लावू नये. – अनुजा.' परवा नव्याने लागलेल्या रुपालीने तिला विचारलं, हे आठ कशासाठी? "राहू दे ना गं," अनुजा म्हणाली. ऐकून माझा ऊर भरून आला.

हसताय? हसा. तुमच्या घरात दाराजवळच्या बटणांत एक बटण कायम चालू असतं, आणि त्याने काय लागतं ते घरात कोणालाच ठाऊक नाही. आहे ना?

जा, बंद करून या. आम्ही थांबतो.