आत्याबाईंचे शेवटचे वाक्य

आत्याबाईंच्या घरात त्यांचे वाक्य पुरे झाल्याखेरीज कोणी जागेवरून हलत नसे, आणि त्यांचे वाक्य लवकर पुरे होत नसे. छत्री घेऊन जा, एवढेच सांगायचे असले तरी त्या प्रथम आभाळाचा, मग हल्लीच्या छत्र्यांच्या दांड्यांचा, मग त्या दांड्या मोडणाऱ्या नातेवाइकांचा समाचार घेत, आणि छत्री अगदी शेवटी येई. तोवर पाऊस थांबलेला असे. हे बोलणे लांबते, असे म्हणण्याची छाती त्यांच्या यजमानांनाही कधी झाली नाही, आणि ते योग्यच होते. जिला घर चालवायचे असते तिने आपली वाक्ये दुसऱ्याच्या सोयीने आखू नयेत.

अशा या घरात त्यांचा भाचा कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी येऊन राहिला होता. मुलगा सालस होता, पानात वाढलेले मुकाट्याने खात होता. मात्र वाचलेले त्याच्या डोक्यात मुक्कामाला थांबत नसे. पहिल्या चाचणीत त्याने असा काही उजेड पाडला की त्याच्या वडिलांनी, म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या भावाने, कळवून टाकले की पुढच्या चाचणीतही हेच झाले तर पोराला परत नेतो. गाद्यांच्या दुकानात बसायला माणूस हवाच आहे. आत्याबाईंनी भावाला फोनवरच झापले. "माझ्या घरात राहून कोणी नापास होत नाही," असे त्या म्हणाल्या, आणि ते खालच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेले. खालच्या मजल्यावर नेमक्या भाच्याला शिकवणाऱ्या प्राध्यापिका बाई राहत असत. तेव्हापासून प्रश्न एकट्या भाच्याचा उरला नाही. आत्याबाईंचा शब्द पणाला लागला.

बाई कॉलेजात 'अभ्यास कसा करावा' हाच विषय शिकवीत. त्यांचे म्हणणे असे की, लिहिणारा माणूस विचारांची काहीतरी मांडणी करूनच लिहितो. कोणी काळाच्या क्रमाने सांगतो, कोणी कारण सांगून परिणामाकडे जातो, कोणी दोन गोष्टींची तुलना करतो. ती मांडणी ओळखता आली की मजकूर समजतो आणि लक्षातही राहतो. 'त्यामुळे', 'त्याउलट', 'म्हणून' हे शब्द म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. कारण लाल पेन्सिलीने रंगवा, परिणाम निळ्या, काळाचा क्रम पिवळ्या आणि तुलना हिरव्या.

भाच्याला विद्येचा असा रंगीत मार्ग आजवर कोणी दाखवला नव्हता. त्याने घरी येऊन पेन्सिली मागितल्या आणि आत्याबाई स्वतः दुकानात गेल्या. त्यांनी दुकानदाराला प्रत्येक रंगाची रेघ ओढायला लावली, तो कागद त्याच्याच पिण्याच्या पाण्यात बुडवला, आणि रंग जरासुद्धा हलत नाही अशी खात्री करूनच डबी घेतली. वस्तू घ्यायची तर टिकाऊ घ्यावी, हा त्यांचा नियम होता. हा नियम पुढे त्यांच्याच अंगावर येणार होता, पण ते तेव्हा त्यांना कोण सांगणार?

पेन्सिली आल्या आणि भाचा ऐकेनासा झाला. म्हणजे कान शाबूत होते. पण त्यांतून मजकूर आत जाईना, नुसती मांडणी जाऊ लागली. एकदा आतोबा त्याला म्हणाले, "आधी माझा चष्मा दे, मग पेपर दे." भाच्याचा चेहरा उजळला. "काळाचा क्रम," तो म्हणाला, आणि कृतार्थ होऊन आपल्या खोलीत निघून गेला. आतोबा बराच वेळ हात पुढे करून बसले होते.

चाचणीत एका ओस पडलेल्या बाजारपेठेविषयी उतारा आला. भाच्याने शाईच्या पेनला हात लावला नाही. सगळे उत्तर त्या टिकाऊ पेन्सिलींनी लिहिले. घरी येऊन त्याने पेपर झकास गेल्याचे सांगितले, आणि आत्याबाईंनी ते भावाला कळवलेही. बाजारपेठ कशामुळे ओस पडली, हे मात्र त्याला सांगता येईना. ते विचारलेच नव्हते, असे त्याचे मत होते.

त्यानंतरच्या एका सकाळी आत्याबाई आतोबांना डोळे तपासायला घेऊन गेल्या. घरात नळाचे काम निघाल्यामुळे पाणी बंद होते. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांना काहीतरी आठवले आणि त्यांनी भाच्याला फोन लावला.

"अरे, ऐक. आधीचा नळवाला बरा होता. तोंडाला खळ नव्हती त्याच्या, पण जाताना पाणी आलंय का ते बघून जायचा. त्याउलट हा नवा. घुम्यासारखा आला, पाणी बंद केलं न् गेला तो गेलाच. मी न्हाणीघरातला नळ उघडून बघितला, तर टिपूस नाही. त्याच नळाखाली टबात ब्लँकेट भिजवायला टाकलंय. तुझ्या आतोबांनी कॉफी सांडली त्याच्यावर, आणि सांडून माझ्याकडेच बघत बसले. तर पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून तो नळ बंद कर."

भाच्याने हे सगळे कागदावर उतरवून घेतले होते. "आत्या, काय सुंदर बोललीस गं," तो म्हणाला. "आधी तुलना, मग कारण, आणि शेवटी 'म्हणून'. म्हणजे निष्कर्ष."

आत्याबाईंच्या बोलण्याला सुंदर म्हणण्याचा प्रसंग त्या घरात नवीनच होता. त्यांनी पदर सारखा केला. "कळलं ना पण?"

"एकूण एक कळलं."

त्यांनी समाधानाने फोन ठेवला. दवाखान्यात बसलेल्या एका अनोळखी बाईंनी हे संभाषण ऐकून आपल्या घरी फोन केला आणि नळ बंद असल्याची खात्री करून घेतली. भाचा इकडे 'त्याउलट'खाली हिरवी रेघ ओढत होता.

थोड्याच वेळात पाणी आले आणि जोरात आले. टब भरला, ब्लँकेट फुगून टबाबाहेर उतरले आणि न्हाणीघराच्या जाळीवर अंग पसरून बसले. पाण्याला जायला दुसरी वाट राहिली नाही, तेव्हा ते घरात निघाले. आतोबांची एक स्लिपर तरंगत भाच्याच्या खुर्चीपाशी आली, जरा थांबली आणि स्वयंपाकघराकडे वळली. भाचा 'म्हणून' रंगवत होता.

दाराची घंटा वाजली. बाहेर बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या केसांतून पाणी निथळत होते.

"माझ्या टेबलावर वरून पाणी पडतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका भिजल्या."

"बाई, तुम्ही परिणाम आधी सांगितलात," भाचा आदराने म्हणाला. "कारण नंतर येणार का?"

"कारण तुझ्या पायाशी आहे."

भाच्याने खाली पाहिले. मग जे धावणे झाले ते न्हाणीघराच्या दाराशी घसरून संपले, आणि नळ अखेर बंद झाला.

आत्याबाई परतल्या आणि भाच्याला घेऊन खाली गेल्या, तेव्हा बाईंच्या खोलीत उत्तरपत्रिका दोरीवर वाळत घातल्या होत्या. शाई विरघळून सगळ्या वर्गाचे ज्ञान एकसारखे फिकट निळे झाले होते. त्यांच्यामध्ये एकच उत्तरपत्रिका लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत झळकत होती. बाईंनी निर्णय सांगितला: ज्यांच्या उत्तरपत्रिका वाचता येत नाहीत त्यांची चाचणी परत होईल, जी वाचता येते तिला आहे तेच गुण मिळतील. गुण विचारल्यावर त्यांनी भाच्याकडे न बघता मान हलवली, आणि आत्याबाईंना गाद्यांचे दुकान डोळ्यांपुढे दिसले.

कोपऱ्यातला पाण्याचा जग त्यांनी उचलला, भाच्याची उत्तरपत्रिका दोरीवरून काढून टेबलावर सरळ पसरली आणि जग तिच्यावर शांतपणे रिता केला. बाई पाहत राहिल्या. रंगांना काहीएक झाले नाही. उलट न्हाऊन आल्यासारखे ते अधिकच टवटवीत दिसू लागले.

"पेन्सिली चांगल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"मीच आणल्या," आत्याबाई म्हणाल्या. ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लहान वाक्यांपैकी एक होते, आणि त्यात अभिमान किती व दुःख किती, हे सांगणे कठीण आहे. पण हार मानणे त्यांना ठाऊक नव्हते. "वाचता येतं म्हणता ना? मग वाचा बघू."

बाईंनी वाचले. "या उताऱ्यात आधी एक लाल कारण आहे. त्यामुळे एक निळा परिणाम झालेला आहे. त्याउलट मध्ये थोडी हिरवी तुलना आहे. म्हणून शेवटी निष्कर्ष आहे."

"यातून तुम्हाला काय कळलं?"

"काहीच नाही."

"मग याला वाचता येणं कसं म्हणायचं, बाई? वाचून काही कळलं तर ते वाचणं. नाहीतर मी काय, भिंतीवरचे ओलीचे डागसुद्धा वाचते."

बाईंनी तर्काचे पुष्कळ पेपर तपासले असतील. असा तोंडी पेपर त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि भाच्याचे नाव परत चाचणी द्यायच्या मुलांत घातले. मग, नळ उघडा राहिला कसा, हे त्यांनी त्याला विचारले. भाच्याने खिशातून तो रंगवलेला कागद काढला आणि आत्याबाईंचा फोन शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. 'म्हणून तो नळ बंद कर' हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याने ते स्वतः प्रथमच ऐकले, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"मी वर्गात काय सांगितलं होतं?" बाई म्हणाल्या. "आधी मांडणी ओळखा, मग तिच्यात मजकूर बसवा. हे मी सांगत होते तेव्हा तू काय करत होतास?"

"'आधी' आणि 'मग' पिवळे करत होतो," भाचा म्हणाला.

बाईंनी तो कागद मागून घेतला. आत्याबाईंनी परवानगी दिली. आपले बोलणे कॉलेजात जात असल्यास त्यांची हरकत नव्हती.

परत झालेल्या चाचणीत तोच फोन उतारा म्हणून आला. बोलणाऱ्या व्यक्तीचा विचार कोणत्या मांडणीत आहे आणि ऐकणाऱ्याने काय करावे, असा प्रश्न होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी दोन नळवाल्यांचे गुणदोष लिहिले, काहींनी कॉफीवर भर दिला, आणि एकीने घुम्या माणसांना समजून घ्यावे असा निष्कर्ष काढला. भाच्याने पेनने लिहिले: "आधी तुलना आहे, मग नळ उघडा राहण्याचे कारण आहे. खरे काम शेवटच्या वाक्यात आहे. ऐकणाऱ्याने पेन्सिल खाली ठेवावी, उठावे आणि नळ बंद करावा. ताबडतोब." तो पास झाला, आणि तोही चांगल्या गुणांनी.

निकाल घेऊन तो घरी आला तेव्हा नळवाला पुन्हा येऊन गेला होता, आतोबा पेपर वाचत होते आणि आत्याबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. भाचा त्यांच्यासमोर ताठ बसला. आता आधी आभाळ येईल, मग नातेवाईक येतील, आणि आपले भवितव्य शेवटी येईल, हे तो शिकला होता. पण त्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांना चकित केले.

"तुझ्या बापाला कळवलं," त्या म्हणाल्या. "दुकानात दुसरा माणूस बघ म्हटलं. तू इथंच राहायचंस."

आत्याबाईंचे शेवटचे वाक्य सुरुवातीलाच आलेले त्या घराने कधी ऐकले नव्हते. आतोबांनी पेपर खाली केला, भाच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि पेपर पुन्हा वर केला. भाच्याचे डोळे भरून आले. आत्याबाई पुढे बोलत राहिल्या. गाद्यांविषयी, भावाच्या लहानपणच्या हट्टांविषयी, मग नव्या नळवाल्याविषयी, जो या वेळी निदान दोन शब्द बोलला होता. पण महत्त्वाचे ते आधीच सांगून झाले होते. भाचा त्यांच्या तोंडाकडे प्रेमाने बघत नुसता बसला आणि आतोबा खेळांच्या पानावर गेले. आत्याबाईंच्या बोलण्यात कुठेतरी 'म्हणून' आले आणि गेले.

आत्याबाईंचे वाक्य पुरे झाले. न्हाणीघरातून पाणी वाहिल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग खालच्या मजल्यावरून कोणीतरी झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागले.

"परिणाम," आतोबा पेपरामागून म्हणाले.