नापास झालेला चहा

डब्याचं झाकण उघडताच नापासरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आत सुकलेल्या, लांबट कळ्या होत्या आणि एकेका कळीवर पांढरी लव. त्यांनी एक कळी उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला आणि तडक जिना उतरून डबा कचऱ्याच्या गाडीत रिकामा करून आले.

"बुरशी!" हात धूत ते बायकोला म्हणाले. "अख्खा माल खराब. कोणी आणला हा?"

नापासराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. धान्याच्या गोदामावर ते तपासनीस होते आणि त्यांच्या नजरेतून एक पोतं सुखरूप सुटेल तर शपथ, म्हणून हमालांनीच हे बारसं केलं होतं. घरीही तोच खाक्या. मुलीला आलेलं एक स्थळ त्यांनी मुलाची बुटाची नाडी सुटली होती म्हणून परत पाठवलं, तर दुसरं तो उगाच हसतो म्हणून. शेवटी पोरीने स्वतःच मुलगा शोधला आणि बजावलं, "बाबा, आज त्याचे वडील येतायत. हेही मोडलंत ना, तर मी पुन्हा कुणाला घरी आणणार नाही." एकुलती एक लेक. नापासराव सकाळपासून येरझाऱ्या घालत होते आणि येता-जाता दिसेल ते तपासत होते.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती पाहुण्यांना आणायला गेली होती.

"बाबा, निघालोय आम्ही. त्याच्या बाबांनी पाठवलेला पांढरा चहा ओट्यावर ठेवलाय, तोच करा, ते चहाचे मोठे जाणकार आहेत. पाणी उकळलं की जरा निवू द्या, मग ओता. आणि कळ्यांवरची लव झटकू नका हं, तीच तर त्याची खूण!"

"हो, हो," नापासराव म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. लगेच उठले. खाली धावले, तर गाडी केव्हाच गेलेली. तसेच कोपऱ्यावरच्या दुकानात घुसले.

"काळा आहे, हिरवा आहे," दुकानदार म्हणाला. "पांढऱ्यात मीठ आहे."

घामाघूम होऊन ते घरी आले. बायको म्हणाली, "सरळ सांगून टाका की."

"काय सांगू? तुमची भेट मी कचऱ्यात घातली? माणूस उंबऱ्यावरूनच माघारी फिरेल!"

"बरं, रंग कसा असतो त्याचा?"

"दुकानदार म्हणे, अगदी फिका."

"वास?"

"असून नसल्यासारखा."

"दूध, साखर?"

"छे, छे!"

"मग पाणीच की ते," बायको शांतपणे म्हणाली. तिने स्टुलावर चढून माळ्यावरचे जुने कप काढले. ते आतून पिवळट पडले होते.

पाहुणे आले. मुलाचे वडील घड्याळं दुरुस्त करणारे, म्हणजे घड्याळजी होते, आणि दोन शब्दांच्या मध्ये माणसाने जांभई देऊन घ्यावी इतके सावकाश बोलत. नापासरावांनी किटलीतलं निवलेलं गरम पाणी कपात ओतलं. घड्याळजींनी कप नाकाशी नेला. डोळे मिटले. एक घोट घेतला. घोट तोंडात घोळवत ते इतका वेळ थांबले, की नापासरावांनी आपलाच पाय आपल्या दुसऱ्या पायाने दाबून धरला.

"वा," घड्याळजी म्हणाले. "काय... नाजूक."

मुलीचा चेहरा फुलला. नापासरावांचा मात्र जीव भांड्यात पडला तो लगेच बाहेर आला. हा माणूस साध्या पाण्याला दाद देतोय? म्हणजे जाणकार नुसता नावाला! ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरची खोट बिनबोभाट जाऊ दिली, आणि ती मुलीच्या चेहऱ्याकडे बघून.

"कळ्या बघू," घड्याळजी म्हणाले. "भिजल्यावर छान उमलतात."

"झाकण नको उघडायला!" नापासराव ओरडलेच. "वाफ... वाफ जाते."

"मग दुसरं पाणी घाला. खरी मजा दुसऱ्या पाण्याला."

बायको किटली घेऊन आत गेली आणि पाण्यात पाणी घालून आली. घड्याळजींनी तोही कप संपवला आणि म्हणाले, "पहिल्यापेक्षा सरस." मुलीने आनंदाने आईचा हात दाबला.

निघताना नापासराव त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले. मुलगी मागे राहिलीय हे बघून घड्याळजी त्यांच्या कानाशी वाकले.

"पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं."

नापासराव पायरीवरच थबकले. "तुम्हाला... कळलं?"

"तीस वर्षं तो चहा पितोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"पोराने दम भरलाय," घड्याळजी खालच्या आवाजात म्हणाले. "बाबा, तिथे चहाला नावं ठेवलीत तर लग्नाला बोलावणार नाही म्हणाला. मला एकच मुलगा आहे हो."

नापासरावांना एकाएकी फार हलकं वाटलं.

"येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला या," घड्याळजी जिना उतरता उतरता म्हणाले. "स्वयंपाक माझा मुलगा करणार आहे. पहिल्यांदाच."

"मी दोनदा मागून घेईन," नापासराव म्हणाले.