तक्रार नोंदवायचं बटण

यंत्रांशी माझं कधी वाजत नाही. लोक उगाच माउस आपटतात, पडद्याला शिव्या देतात. मी सूचना वाचतो. सूचना शेवटपर्यंत वाचणारा आमच्या खानदानातला मी पहिला पुरुष! म्हणूनच त्या मंगळवारी कचेरीतून रजा घेऊन मी बायकोला म्हणालो, "तू निश्चिंत जा. पत्र आलं की संमती मी कळवतो."

पत्र तिच्या बदलीचं होतं. ती शाळेचं ग्रंथालय सांभाळते. गेली अकरा वर्षं दोन बस बदलून जाते, दोन बस बदलून येते आणि आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही. नवी शाळा आमच्या गॅलरीतून दिसते. तिची घंटा ओट्यापाशी ऐकू येते. शिक्षण कार्यालयाची ईमेल येणार, तिला त्याच दिवशी पाचच्या आत 'मान्य आहे' एवढं उत्तर द्यायचं. नाही दिलं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना.

"फक्त उत्तर द्या," चपला घालता घालता ती म्हणाली. "दुसरं काही करू नका."

आमची दोघांची ईमेल पेटी एकच. लग्नाच्या वर्षी दोघांची नावं जोडून उघडलेली. तिथे एकच नियम आहे: बायकोला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही. माझ्याच बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी जाहिरात समजून पुसली होती, तेव्हापासूनचा.

नऊ वाजता पेटी उघडली. गुडघ्याचा पट्टा, टकलावर हमखास केस, कुठल्याशा दिवंगत सेनापतीची विधवा, पुन्हा गुडघ्याचा पट्टा. एवढ्या गर्दीत बायकोचं पत्र कुठे तरी चेंगरून जायचं! पुसायला मनाई होती. पण तक्रार करायला कोणी मनाई केली होती?

पेटीच्या तळाशी बारीक अक्षरात 'नकोशा पत्रांची तक्रार' असं लिहिलेलं होतं. ते दाबलं. वेगळं संकेतस्थळ उघडलं. मी सूचना वाचल्या, दोनदा वाचल्या, सेनापतीच्या विधवेवर खूण केली आणि 'तक्रार नोंदवा' हे बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. एक गोल चक्र फिरायला लागलं. मी चहा करून आलो, चक्र फिरत होतं. चहा प्यायलो, कप विसळला, चक्र फिरत होतं. दारावरची घंटा वाजवून आत गेलेला पाहुणा बाहेर येईना, तशी माझी तक्रार आत कुठे तरी बसून राहिली होती. मी आणखी चार वेळा दाबलं.

शेवटी मेव्हण्याला फोन केला. त्याचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे सासरी संगणकाचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडे बघतात.

"भावोजी, पान परत उघडलंत?"

"तीनदा."

"मग ब्राउझरची साठवण साफ करा. सगळी."

"सगळी?"

"अहो, बिनधास्त! निम्मे रोग त्यानं जातात."

सगळी साफ केली. रोगाबरोबर रोगीही गेला. संकेतस्थळ गेलं, आमची पेटीही बंद झाली आणि आत यायला पासवर्ड मागू लागली. पासवर्ड बायकोनं ठेवलेला. बायकोचा फोन शाळेच्या कपाटात. सव्वाबारा वाजले होते.

पेटीनं दुसरा मार्ग दाखवला. गुप्त प्रश्न: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

"आमच्याकडे कधी कुत्रंसुद्धा नव्हतं रे!" मी फोनवर ओरडलो.

मेव्हण्यानं आवाज खाली आणला. "भावोजी, रागावणार नसाल तर विचारतो. ताई तुम्हाला लाडानं काय म्हणायची?"

"...गुंड्या."

"घालून बघा."

घातलं. पेटी उघडली! एकाच क्षणी इतका आनंद आणि इतका अपमान मला आजवर झालेला नाही.

मी पुन्हा तक्रारीच्या पानावर गेलो. आता माझी जिद्द पेटली होती. एकेकावर खूण करण्याइतका दम मात्र उरला नव्हता. तिथे 'पानावरची सगळी निवडा' अशी सोय होती. निवडली. कारण विचारलं, 'फसवणूक' असं सांगितलं. बटण दाबलं. चक्र! पुन्हा दाबलं. चक्र! मेव्हण्याच्या सांगण्यावरून दुसरा ब्राउझर उतरवला, राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉप उचलून गॅलरीत नेला. समोर शाळेची मधली सुट्टी झाली होती. या खेपेला तेरा वेळा दाबलं. तासाभरानं कधी तरी संकेतस्थळाला जाग आली.

'आभारी आहोत. आपली पन्नास पत्रांची तक्रार स्वीकारली आहे. ही पत्रं आपल्या पेटीतून कायमची काढली असून पाठवणाऱ्यांना आपल्याला लिहिण्यास मनाई करण्यात आली आहे.'

खाली यादी होती. मी विजयी मुद्रेनं वाचायला घेतली. क्रमांक एक: शिक्षण कार्यालय, बदली विभाग.

पेटी बंद होती तेवढ्यात ते पत्र येऊन बसलं होतं, सगळ्यात वर!

'तक्रार मागे घ्या' असंही एक बटण होतं. दाबलं. चक्र.

मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकली. मग एक बाई आल्या.

"तक्रार मागे घ्यायला संकेतस्थळावर अर्ज करा, सर."

"संकेतस्थळ चालत नाहीये हो!"

"मग ते चालत नसल्याची तक्रार नोंदवा."

"कुठे?"

"संकेतस्थळावर."

त्यांच्या आवाजात इतकं मार्दव होतं की मी त्यांचे आभार मानले.

शिक्षण कार्यालयाचा फोन कोणी उचलला नाही. साडेचार वाजता बायको आली. दोन बसचा शीण चेहऱ्यावर होता. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली, बसली. बोलायची नाही, हे ठाऊक होतं. मीच बोललो. सगळं सांगितलं. गुंड्यासकट. अकरा वर्षांच्या त्या बस माझ्या डोळ्यांसमोरून एकामागून एक जात होत्या.

"ऊठ, आत्ता रिक्षा करून कार्यालयात जाऊ," मी म्हणालो. "पाया पडतो त्यांच्या!"

"बसा," ती म्हणाली. "मी दुपारीच उत्तर दिलं. त्यांची पोचही आली."

"कुठून दिलंस?"

"ग्रंथालयाच्या संगणकावरून. माझ्या पेटीतून."

"तुझी पेटी?"

"तीन वर्षं झाली की. पत्रिकेचं झालं ना, त्यानंतर काढली."

"मग इथे आलं ते?"

"ती प्रत होती. आपल्या पत्त्यावरही एक पाठवा, असं मीच अर्जात लिहिलं होतं. तुम्ही एवढी रजा काढलीत. तुम्हाला काही तरी यायला नको?"

समोरच्या शाळेची सुटल्याची घंटा झाली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मी कप विसळायला आत गेलो, म्हणजे सकाळचाच, विसळलेला.

दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या संकेतस्थळाचं पत्र आलं. ते बंद नव्हतंच. गुपचूप मोजत होतं. एकाच दिवसात एकाच पत्त्यावरून एकोणीस तक्रारी आल्यामुळे आमची पेटी 'संशयास्पद' ठरवण्यात आली होती. तिच्यातून जाणारं प्रत्येक पत्र यापुढे नकोशा पत्रांत जमा होणार होतं.

बायकोनं अखेर तिचा नवा पत्ता मला दिला. नव्या शाळेत ती रुजू झाली त्या सकाळी मी तिला अभिनंदनाची चार ओळींची ईमेल पाठवली. आज महिना झाला, तिनं त्याचा विषय काढलेला नाही. ती ईमेल कुठे जाऊन पडली असेल, याची मला कल्पना आहे. पण तिला उघडून बघायला सांगायचं म्हणजे सगळ्या सूचना पुन्हा वाचाव्या लागतील.