डॉक्टरांच्या गालातला चट्टा

कर्करोगाबद्दल आपल्याला कुणी नवं शिकवावं असं आता काही उरलेलं नाही, असं अंजनवेलच्या डॉक्टर राजेंद्र सकपाळांचं ठाम मत होतं. तरी रत्नागिरीला ‘कर्करोग प्रतिबंध’ या विषयावर डॉक्टरांचं दिवसभराचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी नाव नोंदवलं. डॉक्टरकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे पॉइंट कमी पडत होते आणि जेवणात सुरमई होती. मागच्या रांगेत डुलकी काढायची आणि जेवून परतायचं, असा बेत त्यांनी बायकोला, दर्शनाताईंना, सांगूनही ठेवला होता.

पण जेवणाआधीच्या तासाला वक्त्यांनी टॉर्च वाटल्या आणि जोडीजोडीने एकमेकांची तोंडं तपासायला लावली. सकपाळांच्या वाट्याला गुहागरच्या तरुण दंतवैद्य डॉक्टर रेणुका आल्या. त्यांनी डाव्या गालात टॉर्च मारली, बाजूला केली, पुन्हा मारली.

“सर, आत पांढरा चट्टा आहे. दाढ तुटून तिचं टोक घासतंय, त्याचाच असावा. दवाखान्यात या, टोक गुळगुळीत करून देते. मग दोन आठवड्यांनी पुन्हा बघू.”

यातला ‘चट्टा’ एवढा एकच शब्द सकपाळांना ऐकू आला. सुरमई ताटात तशीच राहिली.

घरी आल्यापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. तासातासाला न्हाणीघरात जाऊन आरशासमोर आ वासायचे. इंटरनेटवर रोग वाचू नका म्हणून पेशंटना झापणारा हा माणूस मोबाइल घेऊन पडवीत येरझाऱ्या घालू लागला. इतकी वर्षं ज्या गाडीच्या स्टिअरिंगला बायकोला हात लावू दिला नव्हता, ती चालवायला शिक म्हणून तिच्या मागे लागला. गॅसचं पुस्तक कुठे असतं तेही दाखवलं. दर्शनाताईंनी काय झालंय ते विचारलं, तर म्हणाले, काही नाही. रेणुकांच्या दवाखान्यात जायचं मात्र रोज उद्यावर जात होतं.

आपल्यासारखा चट्टा आणखी कुणाला आहे का, हे बघायला त्यांनी दवाखान्यात सगळ्यांची तोंडं उघडायला सुरुवात केली. ताप असो, खरूज असो, आधी आ करा. गुडघा दाखवायला आलेल्या सुंदराबाईंनी बिचाऱ्यांनी कवळी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. जेटीवर बातमी पसरली की तंबाखू खाणाऱ्यांना सरकार दंड करणार आहे आणि सकपाळ डॉक्टर नावं कळवतायत. मग लोक दवाखान्यावरून जाताना ओठ घट्ट मिटून जाऊ लागले.

अशात बकुळा नवऱ्याला खोकल्यासाठी घेऊन आली. हा बाबल्या बोटीवरचा खलाशी, गालात सदा तंबाखू. डॉक्टरांनी टॉर्च मारली आणि स्वतःचा चट्टा विसरले. बाबल्याच्या गालातला डाग लाल होता आणि बोटाला कडक लागत होता. उद्याच्या उद्या गुहागरला डॉक्टर रेणुकांकडे जाऊन डागाचा तुकडा तपासायला द्यायचा, असं त्यांनी बजावलं.

“आता बोटी चालू हायत, डाक्टर. सीजन संपला की जाव.”

“घरी बसून चट्टा जातो का रे? कळल्यावरही जो जात नाही, त्याला काय म्हणायचं?”

एवढं बोलता बोलता डॉक्टरांचा हात आपल्याच डाव्या गालाकडे गेला आणि ते स्टुलावर टेकले. बकुळाने त्यांच्याकडे बघितलं.

“तुमी चला आमच्यासंगती,” ती म्हणाली. “तुमी असलाव तर येल तो.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि बाबल्या रेणुकांच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसले. बाबल्याला धीर यावा म्हणून आधी आपण खुर्चीत बसतो, असं डॉक्टरांनी जाहीर केलं. मशीन घरघरलं तसं त्यांनी जे हाताला आलं ते धरलं. ते बाबल्याचं मनगट होतं.

“हात सोडा डाक्टर,” बाबल्या म्हणाला, “उद्या बोटीवर जाला वढायचा हाय.”

टोक गेलं आणि दोन आठवड्यांत डॉक्टरांच्या गालातला चट्टाही गेला. बाबल्याचा रिपोर्ट आला. कर्करोग अजून झालेला नव्हता, पण बाबल्या आणखी थांबला असता तर झाला असता. डाग काढून टाकला आणि बकुळाने घरातली तंबाखू स्वतःच्या हाताने खाडीत टाकली. बाबल्याने गावभर सांगितलं की डॉक्टर लांबून नुसतं तोंडात बघून ओळखतात. डॉक्टरांनी ते खोडून काढलं नाही.

त्याचं फळ त्यांना हेदवीच्या एका लग्नात मिळालं. पंगतीत बसून डॉक्टरांनी पहिला घास उचलला आणि समोर बघितलं. समोरच्या रांगेतले पाच-सहा जण जेवण सोडून त्यांच्याकडे तोंड करून आ वासून बसले होते. एकाच्या तोंडात अर्धी जिलेबी होती.

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

“बघून घ्या एकदा,” दर्शनाताई म्हणाल्या, “त्याशिवाय ते काही तोंड मिटायचे नाहीत.”