तासगावच्या कुसुमताईंची नोंद

नव्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचं नाव भरलं, की भरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातून तो ग्राहक कायमचा जात असे. वजनकाटे विकणाऱ्या त्या कंपनीच्या एकेचाळीस देशांतल्या कचेऱ्यांत याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. डोकं हलकं झाल्यामुळे लोक वेळेवर घरी जाऊ लागले होते. परिपत्रकातही स्वच्छ लिहिलं होतं, की एक माहिती दोन ठिकाणी ठेवू नये.

सांगलीच्या शाखेत मात्र एक नाव अडलं होतं, आणि ते सदाशिव तोडकरांनी अडवून धरलं होतं. आपले बाकीचे दोनशे अकरा ग्राहक त्यांनी मुकाट्यानं भरले आणि विसरले. त्यातले काही तर आधीच विसरायच्या लायकीचे होते. उरल्या त्या तासगावच्या बेदाण्याच्या व्यापारी, कुसुमताई मगदूम. बुधवारपर्यंत हे नाव भरलं नाही, तर शाखा बंद होऊन चौघांची बदली चेन्नईला होणार होती. त्यातल्या एकीचं बाळ तीन महिन्यांचं होतं.

सॉफ्टवेअर शिकवायला पुण्याहून नंदिनी हुपरीकर आली होती. नऊ देशांतल्या लोकांना तिनं गोडीगुलाबीनं विसरायला शिकवलं होतं. या बाईंची तक्रार काय असते, असं तिनं बुधवारी विचारलं. काहीच नसते, तोडकर म्हणाले.

तीस वर्षांपूर्वी कुसुमताईंचे यजमान वारले, दुकानाच्या गादीवर त्या बसल्या, आणि बाजारात बोलणं सुरू झालं, की त्यांच्या मापात पाप आहे. तोडकर दोन दिवस त्यांच्या दुकानात उभे राहिले. येईल त्या शेतकऱ्यासमोर त्यांनी काटा तपासून दाखवला. तेव्हापासून दर गुरुवारी अकरा वाजता बाईंचा फोन येई आणि काटा बरोबर आहे, एवढंच सांगून त्या ठेवून देत. तोडकरांची बायको गेली तेव्हा तेरा दिवस रोज फोन आला. तेराही दिवस काटा बरोबरच होता. हे सांगताना तोडकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंदिनीनं सॉफ्टवेअरमधली तक्रारींची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. तक्रार नसलेल्या फोनसाठी तीत जागा नव्हती. तिनं ‘इतर’ निवडलं आणि नियमाप्रमाणे शेवटची कळ तोडकरांसाठी सोडली.

"काका, मी बळजबरी करणार नाही," ती म्हणाली.

"चेन्नईत त्या बाळाला कोण सांभाळणार?" असं म्हणून तोडकरांनी कळ दाबली. मग आपले डोळे का ओले आहेत ते न कळून त्यांनी पंखा जरा कमी करायला सांगितला.

गुरुवारी अकराला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, गाव आलं, काट्याचा नंबर आला. तोडकरांनी अदबीनं विचारलं, की आपली तक्रार काय आहे.

"भरलं म्हणायचं माझं नाव," बाई म्हणाल्या.

"हो, कालच. माफ करा, मला काही आठवत नाही."

"तुम्ही माझं नाव भरलंय, तोडकरसाहेब. मी तुमचं कुठं भरलंय?"

तोडकरांनी यावर नीट विचार केला. त्यात काही चूक निघेना.

"सवड हाय न्हवं? मग पहिल्यापासनं सांगते," बाई म्हणाल्या, आणि तोडकरांनी खुर्ची पुढे ओढली.

फोन ठेवल्यावर सॉफ्टवेअरनं संभाषणाची नोंद मागितली. तोडकरांनी ती इमानदारीत भरली. त्यामुळे पुढच्या गुरुवारी बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी तोडकरांना बाईंचं फार कौतुक वाटे, आणि अशी ओळख कितीतरी आधी व्हायला हवी होती, असं ते मनापासून बोलून दाखवत.

"झाली की आता," कुसुमताई म्हणत.